बंबावरच्या आणि १०८ वरच्या माणसांचे डॉक्टर होताना : सांगलीत नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

सांगली-मिरज-कुपवाड परिसरातल्या फायरमनची किंवा १०८ रुग्णवाहिकेवरच्या डॉक्टर आणि पायलटांची (चालकांची) तपासणी तुमच्याकडे सोपवली गेली असेल, तर सुरुवातीलाच एक लक्षात ठेवा. ही माणसं तब्येत बिघडली म्हणून आपणहून तुमच्याकडे येत नाहीत. छातीत दुखलं तर 'पित्त झालंय' म्हणतील, चक्कर आली तर 'उपाशी होतो' म्हणतील. ड्युटी काढून घेतील, कंत्राट पुढे वाढवणार नाहीत, ही भीती त्यामागे असते आणि ती खोटी नसते. त्यामुळे धडधाकट असताना माणसाची जी नोंद तुम्ही करून ठेवता, तीच पुढे सगळ्यात जास्त कामाला येते. धुरातून बाहेर आलेल्या फायरमनचा ईसीजी हातात घेतल्यावर 'हा बदल नवा की जुना?' हा प्रश्न पडतो. जुना ईसीजी फाइलमध्ये नसेल, तर त्याचं उत्तर मिळत नाही.

पहिला आठवडा स्टेशनवर काढा

तपासणीची टेबलं मांडायच्या आधी फायर स्टेशनवर जा. वर्दी रजिस्टर (आलेल्या कॉलची नोंदवही) मागून घ्या आणि मागच्या दोन वर्षांच्या नोंदी वाचा. कुठल्या महिन्यात कसले कॉल येतात, रात्री किती, पुराचे किती, विहिरीत पडलेल्या जनावरांचे किती, हे त्यातून कळतं. तपासणीत कशावर भर द्यायचा ते या रजिस्टरवरून ठरवा.

बीए सेट, म्हणजे पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि मुखवटा, आणि पूर्ण पोशाख स्वतः घालून जिना चढून पाहा. सगळं मिळून वजन २० किलोच्या वर जातं. सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बारला साधारण १८०० लिटर हवा असते. मिनिटाला ४० लिटर धरले तर ती ४५ मिनिटं पुरते, पण हा हिशोब कागदावरचा झाला. जिना चढत होज ओढणारा माणूस मिनिटाला ६०-७० लिटर हवा सहज ओढतो, म्हणजे हातात २५ ते ३० मिनिटंच राहतात, आणि त्यातली शेवटची काही मिनिटं हवा संपत आल्याची शिट्टी वाजल्यावरची. ज्याची दमछाक लवकर होते त्याची हवाही लवकर संपते. तंदुरुस्तीचा मुद्दा हवेच्या या हिशोबातून समजावला की जवानांना लगेच पटतो, कारण शिट्टी त्यांनी ऐकलेली असते.

१०८ च्या गाडीत मागे बसून एक पूर्ण शिफ्ट करा. स्ट्रेचर कोण कसं उचलतं, वापरलेली सुई कुठे जाते, खिडक्या उघड्या असतात की बंद, जेवण किती वाजता होतं, ते पाहा. गाडीवरच्या माणसांना दोन गोष्टी हमखास छळतात, कंबर आणि अवेळी जेवण. ही माणसं तुम्हाला ओळखायला लागली की तपासणीला टाळाटाळ कमी होते. हे वाक्य ऐकायला साधं वाटेल, पण आठवडाभर स्टेशनवर घालवल्याशिवाय ते जमत नाही.

पहिली नोंद : यात घाई नको

एका दिवशी आठ-दहा जणांच्या वर बोलावू नका. १४ एप्रिलच्या आसपास शिबिर ठेवायचा मोह होतो. तो अग्निशमन सेवा दिन, १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात ६६ अग्निशामक गेले त्याची आठवण. पण त्या आठवड्यात जवान प्रात्यक्षिकांत गुंतलेले असतात आणि उन्हाने थकलेले असतात. जानेवारी-फेब्रुवारी बरा.

रक्तदाब पाच मिनिटं बसवून, दोनदा घ्या. रात्रपाळी उतरून थेट आलेल्या माणसाचा रक्तदाब आणि साखर पहिली नोंद म्हणून धरू नका. विश्रांतीतला बारा लीडचा ईसीजी सगळ्यांचा काढा आणि मूळ कागदाचा फोटो काढून ठेवा, कारण थर्मल कागद दोन-तीन वर्षांत पांढरा पडतो. चाळिशी उलटलेल्यांना, किंवा तंबाखू, मधुमेह, रक्तदाब यांपैकी दोन गोष्टी असलेल्यांना ट्रेडमिल टेस्टला पाठवा. आग विझवण्यासाठी १२ मेट (विश्रांतीच्या बारापट श्रम) क्षमता असावी, असा मापदंड परदेशी अग्निशमन सेवांत बराच काळ वापरला गेला. ट्रेडमिलच्या ब्रूस पद्धतीत (दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो) तिसरा टप्पा पुरा करून चौथ्यात थोडं पुढे गेलेला माणूस तिथवर पोचतो. १० मेटच्या खाली असलेल्याला लगेच नापास करू नका, पण चार महिन्यांचा व्यायाम लिहून द्या आणि परत बोलवा.

यावर इतका जोर देण्याचं कारण आहे. अमेरिकेतल्या नोंदींनुसार ड्युटीवर दगावलेल्या फायरमनपैकी साधारण ४५ टक्के हृदयविकाराने गेले. भाजणं आणि गुदमरणं त्या मानाने कमी. मध्यरात्री घंटा वाजली की झोपेतून उठून काही सेकंदांत नाडी एकदम वाढते, पुढे उष्णतेने पाणी कमी होऊन रक्त घट्ट होतं. झटका आगीच्या जागीच येतो असंही नाही. गाडी परत येताना, किंवा घरी जाऊन झोपल्यावरही येतो. मोठ्या आगीनंतरच्या २४ तासांत 'पित्त झालंय' हे उत्तर ईसीजी काढल्याशिवाय स्वीकारू नका.

स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकरीवरून फुप्फुसाची क्षमता मोजणं, हा तपासणीतला सगळ्यात जास्त बिघडणारा भाग. यंत्र रोज ३ लिटरच्या सिरिंजने तपासा, फरक ३ टक्क्यांच्या आत हवा. किमान तीन नीट फुंकरी, प्रत्येक शक्यतो सहा सेकंदांची, आणि सर्वांत चांगल्या दोनमध्ये १५० मिलिलिटरपेक्षा जास्त अंतर नको. माणूस अर्धवट फुंकतो, तंत्रज्ञ 'बास' म्हणतो, आणि पुढच्या वर्षी फुप्फुस 'सुधारलेलं' दिसतं. अशी नोंद फाइलमध्ये नसलेली बरी. छापील 'नॉर्मल' वाचून समाधान मानू नका. त्याच माणसाच्या पहिल्या नोंदीशी तुलना करा. वयाने होणारी घट सोडून पहिल्या सेकंदाच्या फुंकरीत १५ टक्के घट झाली असेल, तर आकडा छापील मर्यादेत असला तरी शोध घ्या.

श्रवण तपासणी सायरनपासून किमान १४ तास दूर राहिल्यावर करा, नाहीतर तात्पुरता बधिरपणा कायमचा म्हणून नोंदला जाईल. ४००० हर्ट्‌झला खड्डा दिसतो का ते पाहा.

लसी : धनुर्वात-घटसर्प दर दहा वर्षांनी. हिपॅटायटिस बी ०, १, ६ महिने, आणि शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटिबॉडीची पातळी. ती १० च्या वर आली तरच माणूस सुरक्षित. ही शेवटची पायरी जवळपास सगळीकडे गळते. लस घेतली म्हणून निर्धास्त असलेल्या माणसाला सुई टोचली की मग धावपळ होते. कुत्री, मांजरं, वानरं पकडायला जाणाऱ्या फायरमनना रेबीजची आधीची लस ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी द्या. पुढे चावा झाला तर फक्त ० आणि ३ व्या दिवशीचे डोस पुरतात, इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही.

आणि दाढी-मिशा. बीए सेटचा मुखवटा जिथे कातडीला टेकतो तिथे केस असले की हवा गळते. मिशी मुखवट्याच्या आत मावत असेल तर राहू द्या, दाढीचे खुंट मात्र नकोत. आपल्याकडे मिशीवर हात घातला की वाद होतो, म्हणून ही गोष्ट हुकूम देऊन सांगू नका. मुखवटा लावून, गळती दाखवून सांगा.

दाखल्यावर काय लिहायचं

तीनच शेरे ठेवा : योग्य, मर्यादांसह योग्य, तूर्त अयोग्य. कार्यालयाला एवढंच जातं. निदान, औषधं, एचआयव्ही, मानसिक त्रास, यातलं काहीही दाखल्यावर येता कामा नये. एकदा जरी एखाद्याच्या साखरेची चर्चा चहाच्या टपरीवर पोचली, तर पुढची पाच वर्षं कोणी तुम्हाला खरं सांगणार नाही. 'तूर्त अयोग्य' लिहिताना पुढच्या तपासणीची तारीख तिथेच लिहा. तारीख नसलेला शेरा जवानाला नोकरी गेल्यासारखा वाटतो.

रक्तदाब १८०/११० किंवा वर असेल तर त्या दिवशी बंबावर पाठवू नका. औषधांकडे लक्ष द्या. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेणारा माणूस चार तास आगीवर उपाशी राहिला की साखर उतरते, आणि गोंधळलेला जवान उष्माघाताचा वाटतो. बीटा ब्लॉकर आणि पाणी कमी करणाऱ्या गोळ्या उष्णता सहन करण्याची ताकद कमी करतात. सर्दीची झोप आणणारी गोळी पायलटला देऊ नका. शक्य असेल तिथे औषध बदला, माणूस बदलायची वेळ आणू नका.

आगीच्या जागी

वाऱ्याच्या वरच्या अंगाला, पंपाच्या धुरापासून लांब, सावलीत विसाव्याची जागा ठरवा. ४५ मिनिटांचा एक सिलिंडर वापरून झाला किंवा ४० मिनिटं जोराचं काम झालं की २० मिनिटं सक्तीची विश्रांती. कोट काढायचा, विजार घोट्यापर्यंत खाली करायची, दोन्ही हात कोपरापर्यंत गार पाण्याच्या बादलीत. हातांतून उष्णता झपाट्याने बाहेर पडते. दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी किंवा ओआरएस. तासाला दीड लिटरच्या वर नुसतं पाणी पाजू नका, सोडियम उतरतं. २० मिनिटांनंतरही नाडी १०० च्या खाली आली नाही, तर परत आत पाठवायचं नाही. हा निर्णय तुमचा आहे, आणि अधिकाऱ्याशी तो आधीच बोलून ठेवलेला असावा. आगीसमोर वाद घालायला वेळ नसतो.

कानातला किंवा कपाळावरचा तापमापक इथे फसवतो, खरं तापमान त्याहून जास्त असतं. माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जाऊ लागला, तर उष्माघात धरून चाला आणि आधी गार करा, मग हलवा. अशा वेळी तुमच्याजवळ हजारो लिटर पाण्याचा बंब उभा असतो. कपडे काढा, बारीक फवारा सोडा, वारा घाला, किंवा ताडपत्रीच्या खोलगट झोळीत पाणी-बर्फ घालून त्यात झोपवा. शुद्ध नीट झाली आणि तापमान ३९ पर्यंत आलं की गाडी हलवा. पॅरासिटामॉलचा इथे काही उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली तर स्नायू फुटल्याची खूण समजा. सीके (स्नायूंतलं एन्झाइम) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम) रक्तात लगेच पाहा.

धूर

पल्स ऑक्सिमीटरवर ९९ दिसला म्हणून सोडून देणं, ही नवख्यांकडून सर्रास होणारी चूक आहे. साधा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनलाही ऑक्सिजनवालंच समजतो. डोकं दुखतंय, मळमळतंय, चिडचिड होतेय एवढ्यावरच नॉन-रीब्रीदर मास्कने १५ लिटर ऑक्सिजन सुरू करा. साध्या हवेत हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, पूर्ण ऑक्सिजनवर तास-सव्वा तास. रक्ताचा नमुना को-ऑक्सिमेट्रीसाठी (हिमोग्लोबिनला हा वायू किती चिकटलाय ते मोजणारी तपासणी) घ्या. शिरेतला चालतो, पण नमुन्यासाठी ऑक्सिजन अडवू नका. ऑक्सिजन किती वाजता सुरू केला ते मात्र लिहा, नाहीतर रुग्णालयात आलेल्या आकड्याला अर्थ उरत नाही. ईसीजी सगळ्यांचा.

ऑक्सिजनचा हिशोब आधी करून ठेवा. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर म्हणजे १५ च्या वेगाने एका माणसाला १०० मिनिटं. दोघे असतील तर ५०.

फोम, गाद्या, नायलॉन आणि शीतगृहाच्या भिंतीतले पीयूएफ (फोमचे) पॅनेल जळाले की सायनाइड निघतं. धुरातून काढलेला माणूस फारसा भाजलेला नाही, पण बेशुद्ध आहे, रक्तदाब पडतोय आणि लॅक्टेट १० च्या वर आहे, तर सायनाइड धरा. त्यावरचा उतारा हायड्रॉक्सोकोबालामिन मिळालं तर ५ ग्रॅम १५ मिनिटांत शिरेतून. नाही मिळालं तर सोडियम थायोसल्फेट १२.५ ग्रॅम सावकाश. नायट्राइट देऊ नका, त्याने उरलेलं हिमोग्लोबिनही निकामी होतं. यातलं काय आपल्या जिल्ह्यात कुठल्या कपाटात आहे, याची चौकशी आजच करा.

बेदाणा, ऊस आणि शेताची औषधं

तासगाव, सांगली, मिरज पट्ट्यात बेदाण्याची शीतगृहं आहेत आणि शीतकरणात अमोनिया वापरला जातो. गळती झाली की घामाने ओल्या जागा, म्हणजे डोळे, काखा, जांघा, आधी भाजतात. डोळे किमान अर्धा तास वाहत्या पाण्याने धुवा आणि पीएच पट्टी सातपर्यंत आल्याशिवाय थांबू नका. आवाज बसला किंवा गिळताना त्रास झाला, तर माणूस चालता-बोलता असला तरी दाखल करा. घशाची सूज काही तासांनी वाढते.

साखर कारखान्यांच्या मळीच्या टाक्या, सांडपाण्याचे खड्डे, गावातले गोबरगॅसचे खड्डे इथे हायड्रोजन सल्फाइड असतो. सडक्या अंड्याचा वास जोरात आला आणि मग अचानक येईनासा झाला, तर वायू गेलेला नसतो, नाक बधिर झालेलं असतं. आत पडलेल्याला काढायला गेलेला दुसरा आणि तिसरा माणूस यातच जातो. बीए सेटशिवाय कोणी उतरणार नाही, हे प्रत्येक प्रशिक्षणात सांगा.

१०८ च्या मंडळींना सेल्फॉसबद्दल वेगळं बसवून शिकवा. धान्याला कीड लागू नये म्हणून ठेवायची ही विषारी गोळी खाल्लेल्या रुग्णाच्या उलटीतून फॉस्फिन वायू निघतो. गाडीच्या खिडक्या उघड्या, एसी बंद, उलटी झाकणाच्या डब्यात, तोंडाने श्वास देणं पूर्ण बंद. पोट पाण्याने धुऊ नका, पाण्याने वायू वाढतो. फेरीनंतर कोणाचं डोकं दुखलं, छाती आवळली, तर त्याला पुढच्या कॉलवर पाठवू नका. द्राक्षबागेतल्या कीटकनाशकाचा रुग्ण असेल तर नायट्राइल हातमोजे, आणि त्याचे कपडे काढून बंद पिशवीत. विष कपड्यांतून आणि उलटीतून तुमच्या माणसाच्या कातडीत जातं.

सुई टोचली तर

साबण आणि पाण्याने धुवा. पिळू नका, डेटॉल ओतू नका, तोंडात धरू नका. डोळ्यात रक्त उडालं तर साध्या पाण्याने धुवा. एचआयव्ही प्रतिबंधाची पहिली गोळी शक्यतो दोन तासांत, ७२ तासांनंतर उपयोग नाही. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राविर एकत्र, २८ दिवस. रुग्णाचा अहवाल येईपर्यंत थांबायचं नाही, गोळी सुरू करून मग थांबवता येते. हिपॅटायटिस बीची पातळी फाइलमध्ये १० च्या वर असेल, तर त्या बाजूची काळजी मिटली. नसेल तर इम्युनोग्लोब्युलिन २४ तासांत. सुई टोचलेल्याचा त्याच दिवशीचा रक्तनमुना घ्या, नंतर सहा आठवडे आणि तीन महिन्यांनी.

रात्री दोन वाजता पहिली गोळी कुठे मिळते? सांगलीच्या सिव्हिलमध्ये आणि मिरजेच्या शासकीय रुग्णालयात अपघात विभागात स्वतः जाऊन विचारा, कपाट पाहा आणि ड्युटीवरच्या माणसाचा क्रमांक सगळ्या गाड्यांत चिकटवा. अपघाताची लेखी नोंद त्याच दिवशी करा. कंत्राटी कर्मचाऱ्यांत दरमहा २१,००० पर्यंत वेतन असलेले कर्मचारी राज्य विमा योजनेत असू शकतात, आणि उशिरा आलेली नोंद भरपाईच्या वेळी आडवी येते.

पुराच्या आधी

आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. कोयनेचा विसर्ग वाढल्याची बातमी आली की पाणी चढायची वाट न पाहता पेट्या भरा.

पाण्यात रोज उतरणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिससाठी डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. वार ठरवून द्या, हजेरी घेऊन समोर खायला लावा. जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर, आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करते. गरोदर कर्मचाऱ्यांना देऊ नका. गोळी घेतली म्हणून ताप आला तरी लेप्टो नाही, असं समजू नका. पूर ओसरल्यावर महिनाभर ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं यांवर नजर ठेवा.

पाय हा पुरातला सगळ्यात दुर्लक्षित अवयव. बारा-बारा तास ओल्या बुटांत राहिलेली कातडी पांढरी पडते, मग फाटते. प्रत्येकाला दोन जोड मोजे, दर सहा तासांनी पाय कोरडे करायला १५ मिनिटं, आणि जखम असेल तर पाण्यात उतरायचं नाही. कृष्णेच्या या पट्ट्यात मगरी आहेत, हे बाहेरून मदतीला आलेल्या पथकांनाही सांगा.

मन

लहान मुलाचा मृत्यू, ओळखीच्या माणसाचा अपघात, पुरात हातातून सुटलेला माणूस. अशा कॉलनंतर सगळ्यांना एका खोलीत बसवून 'काय वाटलं ते सांगा' म्हणायला लावू नका, त्याने फायदा होत नाही, काहींना त्रासच होतो. जेवण, झोप, घरी फोन, आणि पुढच्या दोन शिफ्ट शक्य तर हलक्या. महिनाभराने एकेकट्याला भेटा : झोप लागते का, तो प्रसंग डोळ्यांसमोर येतो का, दारू वाढली का. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या, पण नुसता क्रमांक देऊन सुटका करून घेऊ नका.

कर्करोग आणि निवृत्ती

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाच्या कामालाच कर्करोगकारक कामांच्या पहिल्या गटात टाकलं. मूत्राशयाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा (मुख्यतः फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) यांबाबत पुरावा पक्का मानला गेला. काजळी फक्त नाकातून जात नाही, मानेच्या आणि जांघेच्या कातडीतूनही जाते. म्हणून आग विझल्यावर तिथेच पोशाखावर पाणी मारायचं, मान-चेहरा-हात पुसायचे, स्टेशनवर पोचताच अंघोळ. काजळलेला कोट घरी न्यायचा नाही, केबिनमध्येही ठेवायचा नाही. आग विझल्यावर राख उपसतानाही मुखवटा हवा. जुन्या गोदामांवरचे सिमेंटचे पत्रे उष्णतेने फुटतात, त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याचा आजार काही दशकांनी दिसतो.

प्रत्येक जवानाच्या फाइलमध्ये मोठ्या आगींचं एक पान ठेवा : तारीख, काय जळलं, किती तास, मुखवटा होता की नव्हता. वर्षातून एकदा लघवीची तपासणी, सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी पाहून. निवृत्तीच्या दिवशी या सगळ्या फाइलची प्रत माणसाच्या हातात द्या. लघवीतून रक्त एकदाच गेलं, दुखलं नाही आणि आपोआप थांबलं, तरी दाखवायला यायचं, हे त्याच्या घरच्यांसमोर सांगा आणि प्रतीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या.